चाचांनी कापलेला सांधा

आनंद झाला की मला गप्प बसता येत नाही. हा दोष लहानपणापासूनचा आहे आणि पन्नाशी ओलांडली तरी गेलेला नाही. शाळेत बाकावरच्या मैत्रिणीचा पहिला नंबर आला तरी तिच्या घरी आरडाओरडा करत मीच आधी पोचायची. धातू तपासणाऱ्या बाईला हा स्वभाव बिलकुल शोभत नाही. तपासणाऱ्यानं आधी पाहावं, मग मोजावं, मग लिहावं आणि उरलंच काही तर बोलावं. मी आधी बोलते. या उतावळेपणापायी एका माणसाला मी जवळजवळ रस्त्यावर तोंडघशी पाडलं होतं, आणि तो माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता. तरी ते दोन-तीन महिने आठवले की अंगात अजूनही तसंच भरून येतं. इतकं नवं, इतकं सुंदर काही मी त्याआधी मायक्रोस्कोपखाली पाहिलं नव्हतं.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी छोटीशी तपासणी प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे येतात त्या सळया. घराच्या स्लॅबमध्ये जाणाऱ्या, पुलाच्या खांबात जाणाऱ्या, बारीक, जाड, सगळ्या सळया. त्या आम्ही मोठ्या यंत्रात दोन्ही टोकांना धरून तुटेपर्यंत ओढतो, वाकवतो, कापतो. कापलेलं तोंड घासून आरशासारखं करतो आणि त्यावर नायटल फिरवतो. नायटल म्हणजे स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड. ते लागलं की सळईच्या कडेनं काळपट कडं उमटतं. कडं सगळीकडून सारखं आलं की समजायचं, सळया लाटतात त्या गिरणीत गरम सळईवर पाणी नीट पडलं होतं. पंचवीस वर्षं मी हे करते आहे आणि खरं सांगते, एकदाही कंटाळले नाही.

घासायचं काम चाचांचं. चाचा माझ्याआधीपासून या धंद्यात. त्यांच्या घरी उर्दू, कामावर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. डिप्लोमा करून मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा घासायच्या कागदावर तुकडा कसा धरायचा, कुठल्या बोटावर जोर द्यायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. पुढं मी स्वतःची प्रयोगशाळा काढली तेव्हा ते आपणहून आले. "तुमच्या हाताला अजून वळण न्हाई मॅडम," म्हणाले, "मी येतो." ते वळण अजून यायचंच आहे, असं त्यांचं मत आहे.

चाचांचा एक नेम होता. गिरणीचा माणूस तपासायला सळयांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि वरची एक सळई काढून पुढं करायचा. चाचा ती हातात घ्यायचे नाहीत. गठ्ठ्याच्या मधोमध हात घालून स्वतः एक ओढून काढायचे. "दिलेला तुकडा न्हाई घ्यायचा. उचललेला घ्यायचा." यात समोरच्यावर संशय नव्हता. त्या माणसाला ते आधी चहा पाजायचे, घरचं विचारायचे, आणि मग त्याच्या देखत त्याची सळई बाजूला सारायचे. कुणाला राग आलेला मी पाहिला नाही.

चाचांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी वाटूर फाट्यावर एका ट्रकनं तो नेला. शिबिरात मिळालेला कृत्रिम पाय लावून ते दिवसभर घासायच्या चकतीपाशी उभे राहायचे. मात्र उरलेला पाय जरा वाकडा जुळला होता, त्यामुळं कृत्रिम पाऊल बाहेरच्या बाजूला फाकायचं. चालायला फारशी अडचण नव्हती, पण सायकल सुटली. पावलाची टाच दर फेरीला चाकाच्या दांडीवर आपटायची आणि बोटांकडची बाजू पायडलवरून घसरायची. हा माणूस जुन्या जालन्यातून कामाला सायकलनं येणारा, सायकलवर उभा राहून पूल चढणारा. आता शेअर रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. रिक्षावाला वाटेत चारदा थांबतो, ही त्यांची रोजची पहिली तक्रार असे. सायकल मात्र त्यांनी विकली नव्हती. तिच्या चाकात हवा भरलेली असायची, हे मला त्यांच्या बेगमनं, म्हणजे आमच्या चाचींनी, एका ईदेला हळूच सांगितलं होतं.

मग एक दिवस भोकरदनची एक मुलगी आली. पंचविशीतली, इंजिनियर, केस घट्ट बांधलेले, पाठीवर सॅक. वडील शाळेत शिक्षक, आई अंगणवाडीत. आंबेडकर जयंतीला गावात पोरींना लेझीम शिकवणारी, हे तिनं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि मला वाटलं, बोलण्यात मला जोडीदार मिळाली. संभाजीनगरला एका वर्कशॉपमध्ये ती लेझरनं धातूच्या वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर काम करत होती. तिला काही तुकडे तपासायचे होते. जवळच्या मोठ्या प्रयोगशाळांनी महिन्यानंतरची तारीख दिली होती.

"घडवतेस म्हणजे ओततेस का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. ओतायचं न्हाई, ठोकायचं न्हाई, कापायचं पण न्हाई. नुसतं लिहायचं."

तिनं सॅकमधून काचेची बाटली काढली. आत करडी पूड होती, मैद्यासारखी बारीक. बाटली हातात घेतली आणि मनगट खाली गेलं, इतकी जड. स्टेनलेस स्टीलची पूड. यंत्र तिचा केसाहूनही पातळ थर पसरतं, लेझर त्या थरावर हव्या त्या आकारात फिरतो, जिथं फिरतो तिथं पूड वितळते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठते. वर दुसरा थर. मग तिसरा. असे हजार-दोन हजार थर चढले की बाजूची सुटी पूड झटकायची, आत वस्तू तयार.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आमच्या गिरण्यांत लालभडक सळईवर पाणी मारून ती काही क्षणांत थंड करतात, त्यालाच आम्ही झटपट म्हणत होतो. ही पोरगी क्षणाच्या हजाराव्या भागाबद्दल बोलत होती. एवढ्या घाईनं गोठलेल्या धातूच्या पोटात काय झालं असेल, हे पाहायला माझे हात शिवशिवायला लागले. चाचा मात्र तिच्या बाटलीकडं पाहत नव्हते. ते विचार करत होते.

"बेटा," ते म्हणाले, "कसला पण आकार काढता येतो? वाकडा पण?"

"वाकडाच काढायला मजा येते चाचा."

चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

कृत्रिम पायात वरची वाटी आणि खालची नळी यांना जोडणारा मुठीएवढा धातूचा सांधा असतो. चाचांचा सांधा सरळ होता, पाय वाकडा होता. सांधाच तेवढ्या कोनात उलटा वाकडा केला तर पाऊल सरळ येईल, हे तिला बघता बघता समजलं. तिनं त्यांच्या पायाचे मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कोन मोजला, कागदावर चित्र काढलं. चाचांनी त्या चित्रातली सांध्याची मान, म्हणजे मधला बारीक भाग, थोडी जाड करायला लावली. संभाजीनगरला पाय बसवणारे जे कारागीर होते त्यांनी फोनवर एकच अट घातली. डोळे झाकून मी कुणाच्या पायात नवा धातू बसवणार नाही, म्हणाले, तपासणीचा कागद आणा. मी म्हटलं, कागद तर आपल्याच घरचा.

पंधरा दिवसांनी ती सांधा घेऊन आली. सोबत ओढून पाहण्यासाठी त्याच पुडीच्या चार बारीक कांड्या. सांधा एकच होता, तो फोडून पाहता येणार नव्हता, म्हणून त्याचे साक्षीदार म्हणून कांड्या. यात मला काही वावगं वाटलं नाही. चाचांनी सांधा हातात घेतला, पुसला, परत पुसला आणि त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवला.

एका कांडीचं टोक कापून चाचांनी घासलं. मी नायटल फिरवलं. काहीच उमटलं नाही. परत फिरवलं, जास्त वेळ ठेवलं. समोर कोरा आरसा. चाचांनी परत घासून दिलं, मी नवं नायटल केलं. तरी कोराच.

"ह्याला काही लागतच न्हाई," चाचा म्हणाले.

"पोटात काही नाहीच की काय याच्या," मी म्हणाले.

ती पोरगी घाबरून दोघांकडं बघत होती. शेवटी तिनंच भीत भीत विचारलं, "मॅडम, स्टेनलेसला नायटल चालतं का?"

चालत नाही. हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असतं. पण पंचवीस वर्षं सळयाच कापल्या की हात आपोआप त्याच बाटलीकडं जातो. जालन्यात हीच चूक होणार, दुसरी नाही. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ऑक्झॅलिक ॲसिड मागवलं, लहानशा बॅटरीच्या दोन तारा जोडल्या, एक तुकड्याला, एक ॲसिडात. मिनिटभरानं तुकडा धुतला, वाळवला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला.

काय सांगू. माशाचे खवले असतात ना, एकावर एक, अर्धगोल, तसे खवले ओळीनं लागलेले. प्रत्येक खवला म्हणजे लेझर एकदा गेला तेव्हा झालेलं वितळलेल्या धातूचं इवलंसं डबकं, गोठलेलं. लेझर कुठून कुठं गेला, कुठं वळला, सगळं तिथं लिहून ठेवलेलं. भिंग वाढवलं तर खवल्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. गोठायला वेळच मिळाला नाही म्हणून ती इतकी बारीक. काही कण तर खालच्या खवल्यातून उगवून तीन-चार खवले भेदून वर गेलेले. सळईच्या पोटात मी हजारदा डोकावले होते, तिथं घडवणाऱ्याचा हात कधी दिसत नाही. इथं प्रत्येक फटकारा दिसत होता. मी चाचांना बोलावलं, पोरीला बोलावलं, शेजारच्या वजनकाट्यावरच्या बाईंनाही बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण हे कशाला लागतं?" मी त्यांना अर्धा तास समजावत बसले. जाळी जितकी बारीक, तितका धातू वाकायला नकार देतो, असं सांगितलं. त्या मान हलवत काट्यावर परत गेल्या.

उरलेल्या कांड्या यंत्रात ओढल्या. बाजारातल्या स्टेनलेसच्या सळईपेक्षा त्या कितीतरी जास्त ताणाला टिकल्या, आणि तुटायच्या आधी छान लांबल्या, मधे बारीक झाल्या. चांगला धातू असाच तुटतो, लांबून, सांगून. तिन्ही कांड्या तशाच. मी आनंदानं वेडी झाले. राजूरहून आलेले पेढे कुणीतरी ठेवले होते, ते वाटले. त्याच दुपारी कागद छापला, खाली सही केली, शिक्का मारला आणि चाचांच्या हातात दिला. चाचांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला. शनिवार होता. पाय बसवणाऱ्यांची वेळ सोमवारची मिळाली होती.

सोमवारी चाचा येणार नाहीत हे ठरलेलं. मी सकाळी कुलूप उघडायला गेले तर दार उघडं, आणि आत कापायच्या यंत्राचा आवाज. त्या यंत्रावर पाण्याची धार सोडून पातळ चकतीनं आम्ही तुकडे कापतो. चाचा यंत्राशी वाकले होते. मी जवळ गेले. पकडीत सांधा होता. उभा चिरलेला, बरोबर मधोमध, मानेतून खालपर्यंत.

मी काय काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. वेड लागलं का, असं विचारलं. पंधरा दिवस पोरगी राबली, माझा कागद खिशात आहे, माझ्या सहीवर विश्वास नाही का, असं बरंच काही. खरं म्हणजे मला तेच लागलं होतं. आयुष्यभर बरोबर काम केलेल्या माणसानं माझ्या सहीचा कागद खिशात ठेवून सांधा कापला.

चाचांनी मला बोलू दिलं. मग चकती बंद केली.

"मॅडम, कागद बराबर हाय. पर कागद त्या कांडीचा हाय. उभं मला ह्याच्यावर राह्यचंय."

"मग मला सांगायचं."

"दोन दिवस सांगू का नको करून राह्यल्तो. सांगितलं असतं तं तुम्ही समजावलं असतं, आन् मी समजून घेतलं असतं. मला बी सायकल पायजेच होती."

त्यांनी अर्धा सांधा घासला. एरवी वीस मिनिटांचं काम, त्या दिवशी मला ते संपेचना. तारा जोडल्या, ॲसिडात बुडवला, धुतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि चाचा स्वतः न पाहता बाजूला झाले. "तुम्ही बघा."

खवले होते, तसेच सुंदर. पण सांध्याच्या मानेत, जिथं तो सर्वांत बारीक होता, खवल्यांच्या दोन ओळींच्या मधे काळ्या फटी होत्या. लांबट, चपट्या, थराच्या रेघेत. तिथं वरच्या थरानं खालच्याला धरलंच नव्हतं. भिंग वाढवलं तर फटीत पुडीचे गोल गोल कण तसेच बसलेले, खिचडीत साबुदाणा कच्चा राहावा तसे. आणि फटी मानेला आडव्या. पाय टेकताना वजन मानेला दाबतं, पण पाऊल पुढं टाकताना तिची एक बाजू ओढली जाते. ओढ बरोबर या फटींना उघडणारी. रोज हजारो पावलं. पायडल मारताना आणखी.

त्याच क्षणी मला माझी चूकही दिसली, आणि ती इतकी जालन्याची चूक होती की हसावं का रडावं कळेना. आमच्याकडं धातू गिरणीतून आडवा येतो, लांबलचक, आणि त्याची ताकद लांबीकडं असते. सळई घडताना कशी ठेवली होती, हे पंचवीस वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. इथं तोच तर पहिला प्रश्न होता. मी त्या पोरीला फोन लावला.

"कांड्या कशा ठेवून केल्यास, उभ्या का आडव्या?"

"आडव्या मॅडम. उंची कमी, थर कमी, लवकर होतात."

"आणि सांधा?"

"उभा. खाली आधार कमी लागतात..." ती थांबली. "मॅडम, काय झालं?"

कांड्या मी थरांच्या बाजूनं ओढल्या होत्या. त्यांच्यात अशी फट असती तरी ती ओढीच्या दिशेनंच पडली असती, आणि मला काही कळलं नसतं. सांधा थरांच्या आडवा ओढला जाणार होता. एकाच पुडीचे, एकाच यंत्राचे, आणि तरी एकमेकांचे साक्षीदार व्हायला बिलकुल लायक नसलेले तुकडे. मी सही केलेला कागद चाचांकडून परत मागितला. त्यांनी घड्या उलगडून दिला. मी तो फाडणार होते. ते म्हणाले, "फाडू नका, ठेवा. नाव तुमचंच हाय त्याच्यावर."

ती पोरगी दुपारच्या बसनं आली. मला वाटलं होतं रडेल. तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला, तो दहा मिनिटं काढला नाही. मग वर पाहिलं तेव्हा चेहरा लाल झालेला, पण तो रडण्याचा नव्हता. तो मला ओळखीचा होता.

"मॅडम, मोजता येतं हे. कितव्या थराला पूड नीट पसरली न्हाई ते कळून राह्यलंय इथं."

तिनं थर मोजले. यंत्राच्या नोंदीत पाहिलं. त्या थरांच्या वेळी पूड पसरवणारं पातं अडखळलं होतं, यंत्रानं ते मुकाट्यानं लिहून ठेवलं होतं आणि कुणी वाचलं नव्हतं. चिरलेल्या अर्ध्या सांध्याचा आम्ही ओळखीच्या दवाखान्यात एक्स-रेही काढून पाहिला. त्यात फट दिसली नाही. म्हणजे कापलं नसतं तर ती कळलीच नसती.

पुढचे सहा आठवडे आमच्या प्रयोगशाळेत जत्रा होती. सळया येत होत्या, त्यांची कामं होत होती, पण सगळ्यांचं मन दुसरीकडं. आधी तिनं जुन्याच पद्धतीनं कांड्या उभ्या करून आणल्या. ओढल्या. दोन बऱ्या गेल्या. तिसरी न लांबता, न बारीक होता, खट्कन तुटली, आणि तुटलेल्या तोंडावर तेच कच्चे गोल कण चमकत होते. चाचांनी ते तुटलेलं तोंड बराच वेळ उन्हात धरून पाहिलं. नंतर तिनं पातं बदललं, लेझरचा वेग कमी केला, थर अजून पातळ केले. कांड्या उभ्या, आडव्या, तिरप्या. वस्तू भट्टीत तापवून तिच्या आतला ताण काढला. प्रत्येक खेपेला चाचा घासायचे, मी पाहायची, ती मोजायची. वारंवार ओझं टाकून काढून घेणारं यंत्र आमच्याकडं नाही, त्यासाठी तुकडे संभाजीनगरच्या एका कॉलेजात गेले. ते यंत्र रात्रंदिवस तुकड्याला वाकवत राहतं, आणि मी रोज सकाळी फोन करून विचारायची, तुटला का? तिथले सर शेवटी वैतागले. तुटला की आम्हीच कळवू, म्हणाले. त्यांचा फोन यायला बरेच दिवस लागले आणि तेवढे दिवस मी हवेत होते.

शेवटी सांधा आडवा ठेवून करायचं ठरलं, म्हणजे थर मानेच्या लांबीनं जातील. आधार जास्त लागतील, घासकाम जास्त, असं ती म्हणाली. चाचा म्हणाले, "घासकाम माझ्यावर सोड." आणि या वेळी त्यांनी तिला एकाऐवजी दोन सांधे करायला लावले. एकाच वेळी, एकाच पुडीत, शेजारी शेजारी.

दोन्ही आले तेव्हा ती म्हणाली, "चाचा, हा डावीकडचा कापू, उजवीकडचा तुमचा."

चाचांनी दोन्ही डब्याच्या पिशवीत टाकले, पिशवी हलवली आणि माझ्यापुढं धरली. "उचला."

मी आत हात घातला. दोन्ही सारखेच गार, सारखेच जड. जो उचलीन तो कापला जाणार, जो राहील त्यावर हे उभे राहणार. एक धरला, सोडला, दुसरा धरला. शेवटी बाहेर काढला आणि आम्ही तो कापला, उभा, मग आडवाही. मान, कोपरे, सगळं पाहिलं. खवल्याला खवला घट्ट लागलेला, कुठं काळं नाही. दुसरा न कापता यंत्रात ठेवून दोन माणसांच्या वजनाएवढा दाबला. तो हलला नाही.

कागद लिहायला बसले. या वेळी सावकाश. सगळे आकडे लिहिले, कुठला तुकडा कसा ठेवून केला तेही लिहिलं. आणि सहीच्या वर हातानं दोन ओळी लिहिल्या: जो सांधा आतून तपासला तो कापला आहे. जो वापरायचा आहे तो आतून कुणी पाहिलेला नाही.

पाय बसवणाऱ्यांकडं मी सोबत गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "बाई, असं कुणी लिहून देतं का? हे वाचून मी कसं बसवू?"

चाचा म्हणाले, "पहिल्या कागदावर हे न्हवतं. आता हाय. म्हणून बसवा."

त्यांनी बसवला. महिनाभर नुसतं चालायचं, सायकल नाही, अशी ताकीद दिली. तो महिना चाचांनी रिक्षावाल्याच्या तक्रारी सांगण्यात काढला, पण आता त्या तक्रारी ते हसत सांगायचे. दर आठवड्याला सांधा काढून तपासून घ्यायचे, परत लावायचे.

मग एक सकाळ. मी नायटल करत होते आणि फाटकाशी सायकलची घंटी वाजली. आमच्याकडं सायकलनं येणारं कुणी उरलेलं नाही. मी बाटली हातात घेऊनच पळाले. चाचा आत आले ते थांबलेच नाहीत. आवारात भंगाराचा ढीग आहे, त्याला त्यांनी पूर्ण वळसा घातला, मग दुसरा. मी फक्त त्यांच्या डाव्या पावलाकडं पाहत होते. ते पायडलवर सरळ होतं. वर जात होतं, खाली येत होतं, वर जात होतं. मी रडत होते, हसत होते, आणि मोठ्यानं काहीतरी ओरडत होते, जे वजनकाट्यावरच्या बाईंना तिकडं ऐकू गेलं.

चाचा उतरले. सायकल भिंतीला टेकवली, घाम पुसला. समोर गिरणीचा माणूस सळयांचा गठ्ठा टेम्पोतून उतरवून उभा होता. त्यानं नेहमीसारखी वरची एक सळई काढून पुढं केली. चाचांनी त्याची विचारपूस केली, ती सळई हातानं बाजूला सारली आणि गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला.